अर्धा टीएमसी आणि अर्धं धरण

पोस्ट लांब आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून आहे.

ऑक्टोबर २०२३. पाऊस कमी झाला होता, जायकवाडी भरलं नव्हतं. मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. ३० ऑक्टोबरला आदेश निघाला: एकूण ८.६०३ टीएमसी. मुळा २.१०, प्रवरा ३.३६, गोदावरी-दारणा २.६४३ आणि गंगापूर ०.५. नाशिकमध्ये नेहमीप्रमाणे वातावरण तापलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘गंगापूरचं अर्धं पाणी चाललं! नाशिककरांनो, जागे व्हा!’ कुणीतरी ०.५ वाचून ‘अर्धं’ एवढंच डोक्यात ठेवलं होतं. मी तो मेसेज आणखी तीन ग्रुपवर टाकला.

मी इंजिनिअर आहे. बारावीला गणितात ९१ होते. एम-वन, एम-टू, एम-थ्री पहिल्या झटक्यात काढलेले. (पुणे विद्यापीठातून त्या काळी इंजिनिअरिंग केलेल्यांना एम-थ्री पहिल्या झटक्यात काढणं म्हणजे काय ते कळेल.)

संध्याकाळी साडूभाऊंचा फोन आला. ते निफाडकडचे, द्राक्षबाग, शिक्षण दहावी. म्हणाले, “पाहुणे, तुम्ही इंजिनिअर ना? अर्धा टीएमसी म्हणजे पाचशे दलघफू. गंगापूर भरलं की पाच हजार सहाशे तीस. अर्धं कुठून झालं? अकरावा हिस्सा झाला. हजार क्युसेकनं सोडलं तरी पावणेसहा दिवसांत संपतंय.”

मी कॅल्क्युलेटर काढला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे हजार क्युसेक एक दिवस चाललं की ८६.४ दशलक्ष घनफूट. पाचशे भागिले ८६.४, बरोबर पावणेसहा दिवस. आवर्तनाच्या पाळ्या मोजून मोजून साडूभाऊंना हा आकडा तोंडपाठ होता.

मग त्यांनी विचारलं, “पण एकदम हजार सोडत नाहीत. आधी शंभर-दोनशे, मग वाढवत नेतात, शेवटी कमी करत आणतात. सारखं बदलतंय. अशा वेळी एकूण किती गेलं ते कसं काढायचं?”

उत्तर माझ्या मार्कशीटमध्ये होतं. बदलत्या वेगावरून एकूण काढणं म्हणजेच इंटिग्रेशन. बारावीचं अख्खं प्रकरण, एम-टूचा अर्धा पेपर. आणि मी गप्प. “बघतो, सांगतो,” म्हणून फोन ठेवला.

रात्री आठवायला बसलो. काय आठवलं सांगू? एक्स रेज्ड टू एनचं डेरिव्हेटिव्ह. साइनचं कॉस, कॉसचं मायनस साइन. आयलेट नावाचा मंत्र, पण तो कशासाठी होता ते नाही. आणि ‘प्लस सी’ विसरलं की अर्धा मार्क जातो. संपलं. अठ्ठावीस वर्षांनी शिल्लक एवढीच. तो लांब वाकडा आकडा, इंटिग्रलचं चिन्ह, मी आयुष्यात हजारो वेळा काढला असेल. तो मुळात ‘एस’ आहे, लॅटिनमधल्या ‘सुम्मा’चा, म्हणजे बेरजेचा, आणि लाइबनिझने तो १६७५ मध्ये लिहिला, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. शाळा-कॉलेजात कुणी एका वाक्यात सांगितलं असतं की बाळा, ही बेरीज आहे, तर किती बरं झालं असतं.

मी मराठी माध्यमातला. दहावीपर्यंत ‘समीकरण’, ‘चल’, ‘अपूर्णांक’ म्हणत आलो. अकरावीला एकदम लिमिट, कंटिन्युइटी, डेरिव्हेटिव्ह. मराठीत अवकलन, समाकलन हे शब्द आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं. भाषा आणि विषय एकाच महिन्यात बदलले की हुशार मुलगा काय करतो? पाठ करतो. मी उत्तम पाठ केलं. म्हणून ९१.

तर ठरवलं, परत शिकायचं. कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेलो. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे करत विचारलं, “मुलगा की मुलगी?” म्हटलं, मीच. तिने मान वर करून पाहिलं, आतल्या सरांना विचारून आली. बॅच सीईटीची आहे, मोठ्यांसाठी काही नाही. तिची चूक नाही. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. एका प्रश्नाला १०८ सेकंद. तिथे ‘हे म्हणजे नक्की काय?’ असं विचारणारा माणूस बॅचला परवडत नाही, मग तो सतरा वर्षांचा असो की शेहेचाळीस.

मग घरीच. बालभारतीची बारावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. भाग दोनमध्ये डिफरन्सिएशनपासून डिफरन्शिअल इक्वेशनपर्यंत सगळं आहे. सोबत सिल्व्हेनस थॉम्पसनचं ‘कॅल्क्युलस मेड ईझी’, १९१० चं, तेही आता इंटरनेटवर मोफत. त्यात डीएक्स म्हणजे एक्सचा अगदी छोटासा तुकडा, एवढ्यावर तो माणूस गाडी सुरू करतो. एकशे दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकाने माझी भीती घालवली.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण कुणी परत शिकायला बसलंच तर हिंमत हरू नये. कॅल्क्युलस अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते त्याच्या खालचं. अवयव पाडणं, अपूर्णांक एकत्र करणं, ऋण घातांक, त्रिकोणमितीची सूत्रं. डेरिव्हेटिव्हची कल्पना दोन रात्रींत डोक्यात बसली, पण गणित सोडवताना तिसऱ्या ओळीत मायनस कुठे जायचा कळायचं नाही. पहिले दीड महिने मी खरं तर आठवी-नववी-दहावीच करत होतो. लाज वाटायची. वही बायकोला दिसू नये म्हणून ऑफिसच्या बॅगेत ठेवायचो. तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, हे तिने नंतर सांगितलं.

आता साडूभाऊंचा प्रश्न. समजा सकाळी ९ ला १,००० क्युसेक सोडलं. १० वाजता ३,०००. १२ वाजता ५,०००, ते दुपारी ३ पर्यंत. एक तास हजार म्हणजे ३.६ दलघफू. दोन तास तीन हजार म्हणजे २१.६. तीन तास पाच हजार म्हणजे ५४. एकूण ७९.२. आलेखावर काढलं तर तीन पायऱ्यांचा जिना दिसतो आणि जिन्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे गेलेलं पाणी. विसर्ग मिनिटामिनिटाला बदलत असेल तर पायऱ्या बारीक होत जातात, जिन्याचा उतार होतो. त्या उताराखालचं क्षेत्रफळ म्हणजे इंटिग्रल. बस. हे मी साडूभाऊंना जानेवारीत द्राक्षांच्या मांडवाखाली खतांच्या पिशवीवर पेनाने काढून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे पाटकरी करतो तेच, फक्त बारीक.” हो, अगदी तेच, फक्त बारीक.

कुणी म्हणेल, मग गुणाकार पुरे की. वेग स्थिर असेल तिथे पुरे. पण आपल्या गावात नेमकं तिथे अडतं जिथे वेग स्थिर नसतो.

पावसाळ्याचं बघा. रामकुंडावर पूर आला की सगळे दुतोंड्या मारुतीकडे बघतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. पिढ्यान्‌पिढ्यांची पट्टी आहे ती, मस्करी नाही. पण पट्टी फक्त ‘किती’ सांगते. भांडी बाजार आणि सराफ बाजारातल्या दुकानदाराला माल वर चढवायचा की नाही हे ठरवायला ‘किती वेगाने चढतंय’ हवं असतं. कमरेला स्थिर असलेलं पाणी आणि गुडघ्यापासून तासाभरात कमरेपर्यंत आलेलं पाणी, दोन्ही फोटोत सारखंच दिसतं. पुराचे फोटो आपण हजारांनी फिरवतो. पण फोटोवर वेळ कुणी लिहीत नाही. सप्टेंबर २००८ ला नव्हती, ऑगस्ट २०१९ लाही क्वचितच.

आणखी एक. पाऊस थांबला तरी धरण का चढतंय, म्हणून दरवर्षी लोक पाटबंधारे खात्याला शिव्या घालतात. धरणात येणारं पाणी आणि सोडलेलं पाणी यांतला फरक म्हणजे साठा बदलण्याचा वेग. येणारं जास्त आहे तोवर धरण चढणारच, पाऊस थांबलेला असला तरी, कारण डोंगरावरचं पाणी ओढ्या-नाल्यांतून अजून उतरत असतं. ज्या क्षणी आवक आणि जावक समान होते, त्या क्षणी साठा सर्वांत जास्त. बारावीच्या पुस्तकात ‘मॅक्झिमा’ म्हणून हेच आहे: डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवा आणि सोडवा. मी शेकडो सोडवले. गंगापूर धरण माझ्या घरापासून पंधरा किलोमीटरवर, आणि एकाही गुरुजींनी, एकाही क्लासवाल्याने तिकडे बोट दाखवलं नाही. पुस्तकातला गोळा फुगत राहिला, शिडी भिंतीवरून घसरत राहिली.

खात्यावरच्या सगळ्या शिव्या चुकीच्या असतात असं नाही. सोडायला उशीर झाला का, हा प्रश्न रास्त आहे आणि विचारलाच पाहिजे. पण तो विचारायला दर तासाची आवक आणि दर तासाचा विसर्ग असे दोन रकाने हातात लागतात. ‘धरण ९० टक्के भरलं’ या एका आकड्यावरून तो विचारता येत नाही.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहितोय ते. २०२७ चा सिंहस्थ. किती कोटी भाविक येणार याचे आकडे येत राहतात. कोटी ही एकूण बेरीज आहे. बेरजेने कुणी चेंगरत नाही. २७ ऑगस्ट २००३ ला काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, सरदार चौकाजवळ, चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून जास्त भाविक गेले. अरुंद, उताराचा रस्ता. तिथे त्या सकाळी महत्त्वाचं काय होतं? मिनिटाला किती माणसं वरून येतायत आणि मिनिटाला किती खालून बाहेर पडतायत. धरणाचंच गणित. फरक इतकाच की गल्लीला सांडवा नसतो. आत येणारे मिनिटाला शंभर आणि बाहेर पडणारे ऐंशी असतील, तर दहा मिनिटांत दोनशे माणसं जादा, अर्ध्या तासात सहाशे. वरच्या टोकाच्या माणसाला काहीच दिसत नाही, तो चालतच राहतो.

माझं म्हणणं असं नाही की पोलिसांनी आणि प्रशासनाने हे गणित केलं नसेल. करतीलच, त्यांच्याकडे जाणकार आहेत. म्हणणं हे आहे की आम्ही नाशिककर ज्या बैठकांत जातो, ज्या बातम्या वाचतो, नगरसेवकांना जे विचारतो, त्यात फक्त कोटी आहेत. किती कोटी माणसं, किती कोटी रुपये, किती हेक्टर साधुग्राम. कोणत्या गल्लीतून मिनिटाला किती माणसं बाहेर पडू शकतात, हा प्रश्न विचारणारा नागरिक मला भेटलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मीही विचारला नसता.

महागाईचंही तेच. ‘महागाई सहावरून चारवर आली’ असं वाचलं की लोक म्हणतात, मग तेल स्वस्त का नाही झालं? कारण वाढीचा वेग कमी झाला, वाढ चालूच आहे. गाडी साठऐवजी चाळीसने चाललीये, मागे आलेली नाही. यावर अख्ख्या निवडणुका लढवल्या जातात, दोन्ही बाजूंनी.

मार्च २०२१ मध्ये एआयसीटीईने काही शाखांच्या इंजिनिअरिंग प्रवेशाला बारावीचं गणित सक्तीचं नसल्याचं सांगितलं आणि गदारोळ झाला. कमी पडेल त्याला ब्रिज कोर्स देऊ, म्हणाले होते. आमच्या बॅचच्या ग्रुपवर आम्ही पोट धरून हसलो. गणिताशिवाय इंजिनिअर! आज विचार करतो, हसणाऱ्या चाळीस जणांपैकी किती जणांना साडूभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर आलं असतं? आम्हीही गणिताशिवायचेच इंजिनिअर, फक्त आमच्याकडे मार्कशीट होती. पूल हवाच आहे. पण तो फक्त अठराव्या वर्षी कशाला? चाळिशीतल्याला लागतो, पन्नाशीतल्या शेतकऱ्याला लागतो, पाणीवाटपावर मत देणाऱ्या प्रत्येकाला लागतो.

आणि असा पूल बांधू शकेल अशी संस्था आपल्याच गावात आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९, गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या वाटेवर. ब्रीदच ‘ज्ञानगंगा घरोघरी’. माझी मागणी साधी आहे: ज्यांनी एकदा शिकून विसरलंय आणि ज्यांना कधी मिळालंच नाही, अशा दोघांसाठी मराठीतून कलनाचा छोटा अभ्यासक्रम. परीक्षा नको, पदवी नको, १०८ सेकंद नकोत. उदाहरणं गोदावरीची, दारणेची, कांदा चाळीतल्या घटीची, कर्जाच्या व्याजाची. पहिला महिना फक्त अपूर्णांक आणि अवयव, कारण माणूस तिथेच अडतो. संज्ञा मराठी-इंग्रजी दोन्ही ठेवा. नुसतं ‘समाकलन’ म्हणून शुद्धतेचा आग्रह धरलात तर माझ्यासारखा दुसऱ्यांदा पळून जाईल.

दुसरी मागणी जिल्हा प्रशासनाकडे, आणि ती फुकटातली आहे. विसर्गाची सूचना काढता तेव्हा ‘५,००० क्युसेक’ एवढंच न लिहिता किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत आणि आतापर्यंत एकूण किती दलघफू गेलं, हेही लिहा. जायकवाडीला पाणी सोडताना तर नक्कीच. वरून किती सोडलं आणि खाली किती पोचलं यांतल्या तुटीवर दर वेळी दोन्हीकडचे लोक एकमेकांना चोर म्हणतात. दोन आलेख शेजारीशेजारी छापा, मधलं अंतर लोकांना दिसू द्या, मग भांडू. (मराठवाड्याला पाणी द्यावं का, यावर माझं मत विचाराल तर: सूत्र दुरुस्त करा, पण खालीही माणसंच राहतात. शिव्या चालतील.)

‘हे सगळं परदेशी, उच्चभ्रू’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून मठ काढला, त्याची नोंद. आजोबांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला, आणि त्यात ग्रहाची ‘तात्कालिक गती’, म्हणजे त्या क्षणीचा वेग, हा विचार आहे. लगेच ‘कॅल्क्युलस आमचंच’ अशा आरोळ्या ठोकू नका, तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे. मला भावतं ते दुसरंच. शिलालेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे, आणि मठाला कुणी काय द्यायचं ते त्यात लिहिलंय. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका गावात गणित शिकण्याची सोय लोकांच्या पैशातून होत होती, आणि तो हिशेब लोकांना कळेल अशा भाषेत दगडावर कोरला होता. मी गेल्या डिसेंबरात जाऊन आलो. सोबत साडूभाऊ.

सध्या मी डिफरन्शिअल इक्वेशनच्या प्रकरणात अडकलोय. पुस्तकातली गणितं सुटतात, पण धरणाचं समीकरण मांडताना आवक कशी लिहायची ते जमत नाही, कारण पाऊस सूत्राने पडत नाही. कुणी जलशास्त्रातला माणूस वाचत असेल तर अर्धा तास द्या, चहा माझा.

आणि हो. दर रविवारी सकाळी ७ ते ९ आम्ही पाच जण माझ्या घरी बसतो: एक निवृत्त बँक मॅनेजर, शेजारच्या मावशी, दोन कामगार आणि मी. साडूभाऊ महिन्यातून एकदा येतात. सहाव्याला जागा आहे, दहाव्यालाही होईल. वही स्वतःची आणा. दहावी नापास असाल तरी या. मला मेसेज करताना फक्त ‘प्लस सी’ लिहा, मी पत्ता पाठवतो.